ॲव्हरेजवाली गाडी

मी जयमालाबाईंची पांढरी गाडी बोलतेय. कागदावर मी त्यांची नाही, कधी नव्हतेही. कागदावर आधी बँकेच्या एका साहेबांचं नाव होतं, मग गुलाबरावांचं आलं, आता कारभारीभाऊंचं आहे. पण मी कुणाची, हे कागदाला विचारणार की मला? मला विचारलंत तर सगळं सांगते. सांगता सांगता माझा आवाज चढेल, तेवढा सांभाळून घ्या.

सध्या माझा मुक्काम पिंपळगाव राजाला आहे. कारभारीभाऊंचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली मी उभी असते. मागच्या सीटवर साउंडचे डबे, टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर बांबू आणि कनाती. लग्नसराईत मला पाहून कुणी म्हणणार नाही की हिच्यात माणसंही बसतात. माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती कारभारीभाऊंबद्दल नाही.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. रांगेत उभं राहायचं, कुणी दारं बसवतं, कुणी काचा, आणि एक दिवस तुम्ही गाडी झालेल्या असता. पुढे अकोल्याच्या शोरूममधून मलकापूरच्या बँकेतल्या साहेबांनी मला घेतलं. साहेब भित्रे होते. घर ते बँक, बँक ते घर, तेही दुसऱ्या गिअरात. रविवारी मला धुवायचे आणि कव्हर घालून ठेवायचे. त्यांची बदली झाली, त्यांनी मला विकलं, तेव्हा मला काही वाटलं नाही. त्यांनी मला कधी आपली म्हटलंच नव्हतं, मग रुसायचं कुणावर?

मला घेतलं धामणगाव बढ्याच्या गुलाबरावांनी. शेती आणि भाजीपाल्याचा व्यापार. माणूस वाईट नाही, असं मी तेव्हा म्हणायची. मोठ्या आवाजात बोलणारा, चार लोकांत उठबस असणारा, शब्दाचा पक्का म्हणून मिरवणारा. आपल्या भागात दोन माणसं भेटली की आधी पावसाचं विचारतात आणि मग गाडीच्या ॲव्हरेजचं. 'कितीचा देते?' हा एकच प्रश्न. गाडी बिचारी कशी आहे, तिचं काही दुखतंखुपतं का, हे विचारायची पद्धतच नाही.

आणि गुलाबरावांची चालवण्याची तऱ्हा काय सांगू! दाब ॲक्सिलरेटर, पुढे म्हैस दिसली की करकचून ब्रेक, पुन्हा दाब. माझ्या डिकीत फवारणीचा पंप, वजनकाटा, लोखंडी मापं, ताडपत्री, खताचं अर्धं पोतं, सगळा संसार. टपावर कॅरिअर. चाकांत हवा आहे की नाही, ते चाक बसल्यावरच कळायचं. एवढं करून वर लोकांना सांगायचे, "लय पेते बाप्पा ही." अहो, मी पीत नव्हते, मला पाजलं जात होतं.

त्यात राजूरचा घाट. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना गुलाबराव मला न्यूट्रलमध्ये टाकायचे, कधीकधी तर इंजिनच बंद करायचे. म्हणायचे, "फुकटात उतरते." इकडे बऱ्याच जणांना वाटतं की असंच पेट्रोल वाचतं. इंजिन बंद झालं की माझं स्टिअरिंग दगडासारखं होतं, ब्रेक ऐकत नाही, वळणावर खाली दरी दिसते, आणि हा बाबा मोबाइलवर कोथिंबिरीचा भाव विचारतोय. किती वेळा मी जीव मुठीत धरला असेल!

तर अशा घरात जयमालाबाई. गुलाबरावांच्या बायको. त्यांची आई रुखमाबाई बुलढाण्याला एकटी राहते, म्हणून दर गुरुवारी बाई डबा घेऊन तिकडे जायच्या. आधी एसटीनं मोताळा, तिथे ताटकळत उभं राहायचं, मग दुसरी एसटी. जाऊन येऊन दिवस संपायचा. पुढे गुलाबराव विहिरीच्या काठावर घसरले आणि पायाला प्लास्टर बसलं. दवाखाना बुलढाण्याला, गाडी चालवणार कोण? बाई म्हणाल्या, "मी शिकतो."

गावाबाहेरच्या पडीक रानात त्या माझ्यावर शिकल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला इतक्या वेळा बंद पाडलं की बांधावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाईही हसत होत्या. मला तेव्हाच त्या आवडल्या. चुकलं की माझ्यावर चिडायच्या नाहीत, "थांब वं माय, माह्यंच चुकलं," म्हणायच्या. गाडीला असं कुणी म्हणतं का?

प्लास्टर निघालं तरी बाईंनी चावी परत दिली नाही. दर गुरुवारी आम्ही दोघी बुलढाण्याला. घाट चढताना त्यांचं गुणगुणणं सुरू व्हायचं, आणि वर पोहोचून थंड वारा लागला की त्या एकदम मोठ्यानं हसायच्या, कुणी सोबत नसताना. घरात खालच्या आवाजात बोलणारी बाई माझ्या स्टिअरिंगमागे बसली की तिची मान ताठ व्हायची. तिच्यासाठी मी कुठल्याही चढाला तयार होते.

हे सुख गुलाबरावांच्या डोळ्यांत खुपलं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या डोळ्यांत मोठी डिझेल गाडी भरली होती. मार्केटमधल्या दोघातिघांनी घेतली होती, उंच, काळी, समोरून पाहिलं की दचकावं अशी. आता तशी गाडी घ्यायची म्हणजे मला काढायला हवं. एका संध्याकाळी अंगणातच विषय निघाला.

"तेराच्या वर ॲव्हरेज नाही देत थे. इकून टाकतो," गुलाबराव म्हणाले.

"काऊन इकता? तिचा काय दोष? राहू द्या ना माह्यापाशी."

"तुह्यापाशी? पेट्रोल काय विहिरीतून काढतं? बरं, असं कर. दसऱ्यापर्यंत अठराच्या वर काढून दाखव. मंग जिंदगीभर गाडी तुही. मी हात बी लावत नाही."

"शब्द?"

"शब्द." असं म्हणून त्यांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली.

ती थाप मला आजही आठवते. मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, आता या घरातून जायचं नाही. अठरा म्हणजे अठरा.

पण ठरवून काय होतं? सुरुवात फार वाईट झाली. बाईंना वाटलं, पेट्रोल वाचवायचं म्हणजे हळू जायचं. चाळीसच्या वर काटा नाही, एसी बंद, काचा खाली, सगळी धूळ आत. मागून ट्रकवाले हॉर्न देऊन देऊन बेजार. घाटात तर आम्ही रांगतच होतो. बुलढाण्याला पोहोचलो तेव्हा बाई घामानं निथळत होत्या. रुखमाबाईंनी दारातच विचारलं, "जयू, बैलगाडीनं आली का वं?"

आणि एवढा जीव जाळून आकडा किती? चौदा. परतताना बाईंनी मला घाटाच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला उभं केलं. त्या दिवशी गुणगुणणं नाही, हसणं नाही. स्टिअरिंगवर कपाळ टेकवून म्हणाल्या, "असं मरतमरत चालवण्यापरीस इकलेली बरी." त्यांचं खरं होतं. ज्या चालवण्यासाठी भांडायचं तेच असं सुतकी होणार असेल, तर मला वाचवून त्या काय करणार होत्या?

उत्तर त्यांना सापडलं स्वयंपाकघरात. आमच्या गल्लीत बायांची एक वेगळीच चढाओढ असते, कुणाचा सिलिंडर जास्त चालतो याची. त्यात जयमालाबाई सगळ्यांच्या पुढे. आणि म्हणून त्यांच्या घरी कुणी कच्चं खाल्लं असं नाही, की पाहुणा अर्धपोटी उठला असंही नाही. स्वयंपाकघराची खिडकी माझ्याच तोंडासमोर होती, मी रोज पाहायची. आधी मोठ्या गॅसवर पटकन उकळी आणायची, उकळी आली की लगेच बारीक करायचा, आणि वरण शिजायच्या जरा अगोदर बंद करून झाकण ठेवायचं. राहिलेलं ते आपल्या वाफेवर शिजतं. त्या दिवशी बाईंनी झाकण ठेवलं आणि खिडकीतून माझ्याकडे पाहत राहिल्या. मग चावी घेऊन तशाच बाहेर आल्या, हाताला पीठ होतं.

काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणी नीट चालवलं! बाईंनी रांगायचं सोडून दिलं. पहिल्या दोन गिअरांत दमदार वेग घ्यायचा, रखडायचं नाही, झटपट वरच्या गिअरात यायचं, आणि मग पाय अगदी हलका. पुढे स्पीडब्रेकर दिसला, वळण दिसलं, शेळ्या दिसल्या, की लांबूनच पाय उचलायचा आणि म्हणायचं, "झाकण." मी माझ्या वेगानं तिथवर जायची. ब्रेक लावायची वेळच यायची नाही. ब्रेक म्हणजे काय हो? आधीच जाळलेलं पेट्रोल वाया घालवणं. ते वाया गेलं नाही की वाचतंही आणि चालही तुटत नाही. गाडी डुलत नाही, मागे ठेवलेला डबा सांडत नाही, आणि रस्ता आपलासा वाटायला लागतो.

बाकीचं मोताळ्याच्या दयारामभाऊंच्या गॅरेजमध्ये झालं. त्यांनी चाकांत हवा भरली, एअर फिल्टर बदलला, आणि म्हणाले, "वहिनी, हे मागचं चाक ब्रेकमध्ये धरून राह्यलं. बिचारी ब्रेक लावूनच पळून राह्यली होती." ते सोडवलं तेव्हा मला कसं मोकळं वाटलं, ते काट्यानं वर्षभर टोचलेल्या पायालाच कळेल. बाईंनी डिकी रिकामी केली, कॅरिअर उतरवलं. गुलाबराव ओरडले, "माहा वजनकाटा कुठी ठेवू मंग?" बाई म्हणाल्या, "डोक्यावर ठेवा." घरात त्यांच्या तोंडून असं उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि मग घाटाची उतरण. तिथलं गुपित मी स्वतः सांगितलं बाईंना. माझ्या डॅशबोर्डच्या एका कोपऱ्यात लहानसा आकडा उमटतो, त्या क्षणी लिटरला किती किलोमीटर पडतात ते दाखवणारा. बोलायला मला तेवढाच कोपरा दिलेला आहे. बाईंनी सवयीनं न्यूट्रल टाकलं की मी आकडा खाली आणायची, कारण इंजिन सुरू ठेवायला मला पेट्रोल घ्यावंच लागतं. तिसऱ्या गिअरात ठेवून पाय उचलला, की चाकंच माझं इंजिन फिरवतात, मी एक थेंबही घेत नाही, आणि आकडा उंच उडी मारतो. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, आणि बाई ओरडल्या, "माय वं! म्हणजे गिअरमध्येच फुकट हाय!" शिवाय गिअरानं वेग धरून ठेवल्यामुळे वळणं अशी यायची जशी कुणी हात धरून फुगडीत फिरवतंय. भीती नाही, करकचणं नाही. घाट उतरण्यात एवढी मजा असते, हे आम्हा दोघींना इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. एसीसुद्धा सुरू होता.

दसरा जवळ आला तेव्हा आम्ही एकोणीसच्या वर होतो. कधी वाऱ्यापावसात जरा कमी, पण अठराच्या खाली नाहीच. एका गुरुवारी दारात पोहोचल्यावर बाईंनी त्या आकड्याचा फोटो काढला आणि गुलाबरावांना पाठवला. सोबत लिहिलं, 'आता बोला.' मग माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "जिकलो आपण." आपण म्हणाल्या त्या. मी एकटीनं नाही, त्यांनी एकटीनं नाही.

दसऱ्याला आपल्याकडे वाहनांची पूजा असते. सकाळी बाईंनी मला शिकेकाई लावल्यासारखं चोळून धुतलं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, चाकांखाली लिंबू, डॅशबोर्डवर आपट्याचं पान. ट्रॅक्टरलाही माळ होती, पण माझी मोठी. मी समजले, ही माझ्या जिंकण्याची माळ आहे. अशी फुगले होते मी, अशी फुगले होते, की काय सांगावं. मूर्ख कुठली!

थोड्या वेळानं एक गृहस्थ आले. हातात नारळ, खांद्यावर आणखी एक माळ, मागे चार माणसं. हेच कारभारीभाऊ. गुलाबराव हसतमुखानं पुढे झाले. "या, या. मुहूर्त साधला तुमी. जयमाला, ताट आण. पाहुण्याले ओवाळ, दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी नेऊन राह्यले."

बाईंच्या हातात माझ्या पूजेचंच ताट होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. निरांजन वाऱ्यानं विझलं, तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

"कोणती गाडी?" त्यांनी विचारलं.

"कोणती म्हणजे? आपली पांढरी. तू फोटो पाठवला ना, तो म्या पुढं पाठवला. दोन दिवसांत दहा गिऱ्हाईकं. एकोणीसचा ॲव्हरेज म्हटल्यावर कोण सोडते?"

बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमी शब्द देल्ला होता."

गुलाबराव हसले. खरोखर हसले. "अवं, शब्द देल्ला म्हणूनच तं तिचं सोनं झालं. आता लोकायसमोर तमाशा नको करू. मुहूर्त जाऊन राह्यला."

पाहुणा दारात, मुहूर्त डोक्यावर, अंगणात गावातली माणसं. आमच्या भागात अशा वेळी घरची बाई नाही म्हणत नाही. गुलाबरावांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर त्यांनी दसऱ्याचा दिवस धरला. बाईंनी निरांजन पुन्हा पेटवलं आणि ओवाळलं. माझ्या पुढच्या चाकापाशी कारभारीभाऊंनी नारळ फोडला, त्याचं पाणी माझ्या बंपरवर उडालं. ज्या आकड्यासाठी मी जीव तोडला, त्याच आकड्यानं मला विकलं. दुपारी त्या दारात काळी मोठी गाडी येऊन उभी राहणार होती, म्हणे. मी ती पाहायला नव्हते.

कारभारीभाऊंकडे माझं काय झालं ते ओळखलंच असेल तुम्ही. पुन्हा कॅरिअर, पुन्हा ओझं, पुन्हा दाब आणि करकच. उतारावर पुन्हा न्यूट्रल. मी थेट बारावर आले. खरं सांगते, यात माझी लबाडी नव्हती. मला लबाडी येत नाही, ती आली असती तर पुढचं घडलं नसतं.

दिवाळी झाल्यावर एक दिवस कारभारीभाऊ मला घेऊन तणतणत धामणगाव बढ्याला आले. ते अंगण, ती खिडकी, मला भरून आलं. बाजूला ती काळी गाडी उभी होती, मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"गुलाबभाऊ, फसवलं तुमी मले," कारभारीभाऊ गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "एकोणीस सांगतलं, बारा बी पुरा देत नाही थे. गावात लोक मले येडा म्हणून राह्यले."

"मी कायले खोटं बोलू? घरात विचारा."

"विचारत नाही, पाह्यतो. मलकापूरच्या पंपावर टाकी फुल करतो, बुलढाण्याले जाऊन वापस येतो, त्याच पंपावर पुन्हा फुल. अठराच्या खाली आली तं गाडी तुमच्या दारात आणि माहे पैसे माह्या हाती."

गाडी तुमच्या दारात! ऐकलंत? मला परत यायचं असेल तर फक्त थोडं जास्त प्यायचं होतं. गुलाबराव चालवणार असतील तर मी आलेच!

पण गुलाबराव काही इतके खुळे नव्हते. ते स्वयंपाकघरात गेले. खिडकी उघडीच होती.

"जयमाला, तिले काय झालं? कशी काढत होती तू एकोणीस?"

"ते गाडीत नव्हतं," बाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "माह्या पायात होतं."

"मंग एक डाव चालवून दाखव. माही इज्जत हाय वं. त्या पैशाची नवी गाडी आली, आता कुठून वापस करू? तू दाखव, मंग या नव्या गाडीची चाबी तुह्या हातात देतो. शब्द."

बाईंनी लाटणं ठेवलं. "तुमच्या शब्दासाठी नाही येत मी. लय दिवस झाले. मले चालवायची हाय."

मला वाटलं, आल्या! माझ्यासाठी आल्या! नवऱ्याला तोंडावर सांगितलं की तुझ्या शब्दाला किंमत नाही, मग आता त्या मला मुद्दाम वाईट चालवणार आणि घरी घेऊन येणार. गोष्ट सरळ होती. त्यांनी अंगणात येऊन कारभारीभाऊंना आधी कॅरिअर आणि साउंडचे डबे उतरवायला लावले. मी म्हटलं, घरी न्यायच्या आधी ओझं उतरवतायत. वाटेत दयारामभाऊंकडे हवा भरून घेतली. मी म्हटलं, माया आहे, दुसरं काय.

मलकापूरला टाकी भरली. बाई स्टिअरिंगवर, शेजारी कारभारीभाऊ, मागे गुलाबराव. निघालो. बाईंनी पहिल्या दोन गिअरांत दमदार वेग घेतला, झटपट वर आल्या, पाय हलका केला. मी म्हटलं, असू दे, सुरुवातीला दाखवायला हवंच. मोताळ्याच्या अलीकडे स्पीडब्रेकर आला. मी वाट पाहत होते. दाबा, बाई, दाबा, आणि मग करकचून लावा, तुमच्या नवऱ्याला जमतं तसं!

"झाकण," बाई पुटपुटल्या, आणि पाय उचलला.

घाट आला. इथे तरी! दुसऱ्या गिअरात माझा आरडाओरडा होऊ द्या, वर पोहोचेपर्यंत निम्मी टाकी पिते मी, बोट दाखवायला जागा ठेवत नाही. पण त्यांचा पाय कसा पडत होता सांगू? निजलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. प्रत्येक वळण लांबून ओळखत होत्या, प्रत्येक चढाला लागेल तेवढंच देत होत्या. आणि मग त्यांचं गुणगुणणं सुरू झालं. मी समजून चुकले.

परतीच्या उतरणीवर, तिसऱ्या गिअरात, आकडा वर उडाला. मी तो खाली दाबायचा प्रयत्न केला. नाही दाबता आला. मला खोटं बोलता येत नाही, ही माझी खोड. कारभारीभाऊ तोंड उघडं ठेवून त्या कोपऱ्याकडे पाहत होते. गुलाबराव मागून म्हणत होते, "पाह्यलं? पाह्यलं?" आणि बाईंच्या चेहऱ्यावर ना नवऱ्याची इज्जत होती, ना नवी गाडी, ना मी. वारा होता, वळण होतं, आणि आयुष्यात एकच गोष्ट आपल्याला इतकी सुंदर येते याचा आनंद होता. त्या मला सोडवायला आल्याच नव्हत्या. त्या चालवायला आल्या होत्या. तसं त्यांनी सांगितलंही होतं, मीच भलतं ऐकलं.

पंपावर हिशोब झाला. एकोणीसच्याही वर. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आकडा.

कारभारीभाऊंनी हात जोडले. "वहिनी, चुकलो. गाडी खरी हाय." बाई उतरल्या. चावी त्यांनीच कारभारीभाऊंच्या हातावर ठेवली, आणि जाता जाता शिकवलंसुद्धा, "भाऊ, उतारावर न्यूट्रल नका करू. लांबूनच पाय उचला. गॅस बारीक केल्यासारखं." माझ्या बॉनेटवर त्यांनी हात ठेवला. इंजिन तापलं होतं, म्हणून लगेच उचललाही. डोळे भरले होते का? भरले होते. पण मी तरी काय करू त्या डोळ्यांचं?

गुलाबरावांवर माझा राग आहे, पण तो साधा राग आहे. शब्द मोडणाऱ्याचा राग येतो आणि दोन महिन्यांनी निवतो. बाईंचं तसं नाही. ज्यानं कधी आपलं म्हटलं नाही त्याच्याकडून दगा होतच नाही. दगा आपल्याच माणसाकडून होतो, आणि तोही असा, की त्याला बोल लावायला तोंड फुटू नये.

त्या काळ्या गाडीची चावी बाईंना मिळाली नाही. "थे तुले नाही झेपणार," असं गुलाबराव म्हणाले असतील. हे मला कळलं, कारण एका गुरुवारी मोताळ्याच्या स्टँडवर त्या डबा घेऊन एसटीची वाट पाहत उभ्या होत्या. कारभारीभाऊंनी मला थांबवलं. बाई जवळ आल्या, चाकाकडे पाहून म्हणाल्या, "भाऊ, डाव्या बाजूनं हवा कमी हाय."

"भरतो वहिनी. तुमी सांगतलं तसं चालवून राह्यलो, सतरा देते आता. म्या तं ठरवलं, ही गाडी जिंदगीभर इकत नाही."

जिंदगीभर! तो शब्द ऐकायला मी काय नाही केलं! आला तो, पण कुणाच्या तोंडून आला. बाईंनीही ऐकला. त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला आणि आलेल्या एसटीत चढल्या.

तेव्हापासून मी इथे कडुनिंबाखाली आहे आणि इथेच राहणार. सुखी आहे म्हणा हवं तर. हवा वेळेवर भरतात, तेल बदलतात, पोरं मला 'ॲव्हरेजवाली' म्हणतात. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांना एवढंच सांगते, तिला जपून चालवा, मजेत चालवा, दोन्ही एकाच पायानं होतं. पण तिला शब्द देऊ नका.

आणि जयमालाबाई, तुम्ही कधी या बाजूला आलात, तर मला एवढंच सांगा. त्या दिवशी स्पीडब्रेकरवर नाही, चढावर नाही, तर निदान त्या शेवटच्या वळणावर, एकदा तरी मला वाईट चालवायला काय झालं होतं तुम्हाला?